मच्छरदाण्या आणि फवारणीचं औषध

इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम ही दानाच्या पैशातून जास्तीत जास्त भलं कुठे होतं ते मोजून मदत करणारी चळवळ. तिच्यावर एक टीका होते: या लोकांना मलेरिया रोखणाऱ्या मच्छरदाण्याच दिसतात, कारण त्या मोजता येतात. शेतकरी आत्महत्या त्यांच्या हिशेबात बसत नाहीत. ही टीका मला अर्धीच पटली. कापसाचा भाव आणि सावकाराचं कर्ज त्यांच्या यादीत नाही, हे खरं. पण याच चळवळीतल्या, दान कुठे द्यावं ते सुचवणाऱ्या गिव्हवेल या संस्थेने २०१७ मध्ये एडिनबर्ग विद्यापीठातल्या एका केंद्राला निधी मिळवून दिला. ते केंद्र मच्छरदाण्यांसारखं काही वाटप करत नाही. अतिविषारी कीटकनाशकं बाजारातून काढायला सरकारांना मदत करतं. आधार श्रीलंकेचा. तिथे अशी औषधं टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. म्हणजे धोरणाचंही मोजमाप होतं.

त्याच २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. माझा चुलतभाऊ आठ दिवस दवाखान्यात होता, त्याला समोरचं माणूस धूसर दिसायचं. आणि उरलेली अर्धी बाटली? ती अजूनही कोठ्यातल्या खुंटीला पिशवीत टांगलेली असते, घरातल्या कुणाचाही हात पोचेल अशी. भाव मिळेपर्यंत ती बाटली तिथे नसावी, एवढं तरी व्हावं. चळवळीवर माझा राग असलाच तर तो हा, की एआयच्या धोक्यावर त्यांच्यात एवढा वाद होतो आणि या कामाचं नाव क्वचितच निघतं.