मॉरिशसच्या नोंदवहीत ‘मालवण’ सापडलं, आता गाव आणि घराणं कसं शोधायचं?

शोधयात्री:
मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्या एका पूर्वजाचा टंकलिखित उतारा हाती आहे. त्यात क्रमांक, नाव भिकाजी, बापाचं नाव रामजी, वय २५, जात ‘मराठा’, पोहोचल्याचं साल १८५३ एवढं आहे. जिल्हा रत्नागिरी, परगणा मालवण, आणि गावाच्या रकान्यात ‘मसूरा’ असं काहीसं. आडनाव नाही. मे महिन्यात दहा दिवस कोकणात जायचं ठरतंय. तिथल्या कचेरीत १८५३ च्या आसपासची जन्ममृत्यूची वही मिळेल का?

मोडीवाला:
नाही मिळणार. गावोगावच्या कोतवाल बुकातल्या (गाव नमुना १४) जन्ममृत्यूच्या नोंदी साधारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हाती लागतात, आणि त्याही सलग नसतात. भिकाजी तोवर केव्हाच बोटीत बसला होता. म्हणून कोकणात त्याला शोधूच नका. जो भाऊ किंवा चुलता मागे राहिला त्याला शोधा. जमिनीच्या, शाळेच्या, देवळाच्या कागदांत तोच सापडतो.

पण त्याआधी मॉरिशसचं काम पुरतं संपवा. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मूळ नोंदवह्या आहेत. टंकलिखित उताऱ्यावर थांबू नका, मूळ पानाची प्रत किंवा निदान पान बघायची परवानगी मागा. वंशज असल्याचे जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले साखळीने जोडावे लागतात, ते आधीच तयार ठेवा. या साखळीत एक नेहमीची अडचण येते. धार्मिक पद्धतीने झालेलं लग्न सरकारदरबारी नोंदवलेलं नसलं की मुलं आईच्या नावावर लागतात, आणि बापाचं नाव मधेच गळतं. अशा वेळी भावंडांचे दाखले काढा, एखाद्यात बापाचं नाव सापडतं.

पान हाती आलं की आधीचे आणि नंतरचे वीस-वीस क्रमांक वाचा. एका बोटीतली माणसं ओळीने नोंदलेली असतात, आणि एका गावची माणसं बहुधा जोडीने निघत. तेच गाव दुसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं असू शकतं.

फोटोचं म्हणाल तर १८५३ च्या नोंदीसोबत तो नसणार. मात्र १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला पास घ्यावा लागू लागला. भिकाजी तोवर हयात असेल तर त्या वह्याही विचारा.

मालवणी माणूस:
गावाबद्दल. मालवण तालुक्यात मसुरे आहे आणि मसदेही आहे. इंग्रजी वळणात शेवटचं अक्षर ‘र’ की ‘द’ हे मूळ पानावरच कळेल. शिवाय त्या काळचे कारकून ‘ड’ला सर्रास ‘र’ लिहीत, सावंतवाडीचं ‘सावंत वारी’ होई ते त्यामुळेच. एकाच वाचनावर बेत आखू नका. मसुरं निघालं तरी ते मोठं गाव, वाड्या पुष्कळ, आंगणेवाडी त्यातलीच. वाडी कळल्याशिवाय भाऊबंद सापडत नाहीत.

‘मराठा’ या रकान्यावर फार विसंबू नका. मुंबईहून चढलेल्या मराठी बोलणाऱ्या माणसालाही हा शब्द लावलेला दिसतो. वयही पाचाच्या पटीत, अंदाजाने टाकलेलं असतं.

शोधयात्री:
समजा मसुरंच ठरलं. मग कचेरीत नेमकं काय मागायचं?

मोडीवाला:
आजचा सातबारा घ्या आणि फेरफार क्रमांक धरून मागे जात राहा. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली, ते पान हे पहिलं मोठं ठाणं. त्याच्या मागे पहिल्या सर्व्हेची बोटखतं (त्या वेळच्या जमिनीच्या नोंदवह्या). कब्जेदाराचं नाव बघून पान उलटू नका, कुळाचा (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा) आणि इतर हक्काचा रकाना वाचा. मजुरीला गेलेल्यांची घरं बहुतेक कुळांची असायची, जमीन खोताच्या (सरकारसाठी गावचा सारा वसूल करणाऱ्याच्या) नावावर. खोती गाव असेल तर खोताच्या घरचे वसुलीचे कागद १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरही घरातच राहिलेले असू शकतात. ते मोडीत असतात, तेव्हा वाचणारा आधी गाठून ठेवा.

तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. सर्व्हे नंबर, गाव, सालांचा पट्टा लिहा. ‘आमच्या घराण्याचे सर्व कागद’ असा अर्ज हमखास परत येतो, कारण गठ्ठे नंबरवार बांधलेले असतात, नावावरून ते कुणाला काढता येत नाहीत. मालवण आता ज्यात आहे तो सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. ओरोसला (सिंधुदुर्गच्या मुख्यालयी) गठ्ठा नाही म्हणाले तर रत्नागिरीला विचारायला विसरू नका.

मालवणी माणूस:
मे महिना चांगला निवडलात. चाकरमानी गावी असतात, आणि भाऊबंदकीची खरी वंशावळ म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि जमिनीच्या वाटपपत्रात असते. गणपतीतही सगळे भेटतात, पण कचेऱ्यांना सुट्ट्या.

निघण्यापूर्वी मॉरिशसच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: कुलदैवत कोणतं, देवक कोणतं (कळंब, वड, उंबर, जे सांगतील ते), आणि लग्नात कोणाचा मान आधी. गावात दोन-तीन घराण्यांत ‘रामजी’ निघतोच. देवक जुळलं तर त्यातलं एक घर उरतं. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं आडनाव आणि जात येते, तेही मुख्याध्यापकांना अर्ज देऊन बघा.

मागे राहिलेल्या भावाचं घर पक्कं वाटलं, तर दोन्हीकडच्या बाप-मुलगा अशा सरळ पुरुष वंशातल्या एकेकाची वाय-गुणसूत्राची चाचणी करता येते. आई-बाप दोघांकडचं नातं दाखवणाऱ्या नेहमीच्या (ऑटोसोमल) डीएनए चाचण्या पाच-सहा पिढ्यांनंतर फार पुसट होतात. एकाच जातीत पुन्हापुन्हा सोयरिक झालेली असल्याने अख्खा तालुका नातेवाईक दिसायला लागतो.