मिदोरी-2 सौर वादळाने गेला की वायरिंगने?

फ्यूजवाला: जपानचा मिदोरी-2 उपग्रह डिसेंबर 2002 ला सोडला आणि ऑक्टोबर 2003 मध्ये सोलर पॅनलची पॉवर तीन-चार मिनिटांत 6 किलोवॅटवरून 1 वर आली, खेळ खल्लास. नासाचं सीविंड्स, फ्रान्सचं पोल्डर, सगळी उपकरणं गेली. तेव्हा सौर वादळं चालू होती म्हणून लोक अजून सूर्याच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या मते दोष वायरिंगचाच. पॅनलकडून येणारी वायरींची जुडी थर्मल ब्लँकेटमध्ये (उष्णता अडवणाऱ्या आवरणात) गुंडाळली आणि ते ब्लँकेट ग्राउंडच केलं नाही, म्हणजे साठलेल्या चार्जला निघून जायला वाटच नाही!! मग ध्रुवांजवळ इलेक्ट्रॉन साठत गेले, आतल्या वायरी अंदाजापेक्षा जास्त तापून इन्सुलेशनला तडे गेलेले, तिथेच ठिणगी पडली आणि शेजारच्या वायरी जळत गेल्या.

निवांत_नाना: आता बसून बोलायला काय जातंय. 800 किमीवर जाऊन कुणी पाहिलंय? टेलिमेट्री (उपग्रहाने पाठवलेली मोजमापं) आणि जमिनीवरच्या टेस्टवरून काढलेला 'बहुधा असं झालं' हा निष्कर्ष आहे तो. वादळ नसतं तर अजून पाच वर्षं चालला असता.

फ्यूजवाला: नाना, दिवसाला चौदा फेऱ्या ध्रुवांवरून मारणाऱ्या उपग्रहाला अरोरा (ध्रुवांजवळचा तो इलेक्ट्रॉनचा मारा) काय नवीन? आणि 1997 मध्येच टेंपो-2 आणि पॅस-6 या उपग्रहांचे पॅनल अशाच ठिणग्यांनी गेले होते की.

निवांत_नाना: 'अशाच' नाही. ते दोन्ही 36 हजार किमीवरचे, तिथे आर्क (टिकून राहणारी ठिणगी) पॅनलवरच्या सोलर सेलच्या दोन ओळींमध्ये झाला, उपाय काय तर मधल्या फटीत सिलिकॉन भरा. केबलच्या जुडीचा त्यात विषयच नव्हता, शिवाय मिदोरीचं डिझाइन तोवर ठरून गेलेलं असणार.

छतावरचा_सोलर: मी रूफटॉपची कामं करतो. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो त्यामुळे आर्क विझायला वाव असतो, डीसीत तसं काही नाही, पॅनलवर ऊन आहे तोवर जळतच राहणार. ठिणगी कुणी पाडली यापेक्षा ती विझली का नाही ते बघा ना. मी फ्यूजवाल्याच्या बाजूने.

कक्षा_09: मग पॅनलचं व्होल्टेजच कमी ठेवा, आर्क टिकणारच नाही, प्रश्न मिटला.

निवांत_नाना: आणि तेवढ्याच पॉवरसाठी करंट वाढला की जाड वायरी लागतील, ते वजन कोण उचलणार? स्पेस स्टेशनचे पॅनल 160 व्होल्टवर उगाच चालवत नाहीत.

फ्यूजवाला: वजनाचं म्हणता तर ब्लँकेटला ग्राउंडची एक पट्टी जोडायला किती ग्रॅम लागले असते तेवढं सांगा नाना.