रविवार सोडून उरलेले सहा दिवस : अनुभव लिहा

सलाम मंडळी. (आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत 'सलाम'च म्हणतात, पुण्यात येऊनही माझी सवय गेलेली नाही.)

चर्चमध्ये कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की गोष्ट बहुतेक एकाच वळणाने जाते. आजार होता, प्रार्थना केली, बरं वाटलं, हालेलुया. खोटं असतं असं म्हणत नाही मी. पण ज्यांचं अजून बरं झालेलं नाही ते मागच्या बाकावर बसून ऐकत असतात, आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच असं त्यांना वाटायला लागतं. म्हणून हा धागा. उपकारस्तुती (म्हणजे देवाचे आभार मानणं), दया, भरवसा हे शब्द लहानपणापासून आपल्या तोंडी आहेत. सोमवारी सकाळी पीएमटीत, ऑफिसात, दवाखान्याच्या रांगेत त्यांचं काय होतं ते लिहा. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, पेंटेकॉस्टल, कुठल्याही पंथाचे. चर्चला न जाणाऱ्यांनीही. उपदेश तेवढा नको, तो रविवारी भरपूर मिळतो.

वडगावशेरीकर
हलक्यातून सुरुवात करतो. आमच्या चर्चचा हंगामाचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचे आणि आणलेल्या वस्तूंचा लिलाव करायचा. शहरातल्या मंडळीला शेती कुठली, पण लिलाव जोरात असतो. कुणी गावाकडून ज्वारी आणतं, कुणी केक, कुणी जिवंत कोंबडी. मागच्या वेळी एका आजींनी कुंडीतल्या कढीपत्त्याची जुडी आणली होती, पांढरा दोरा गुंडाळून. आमचे सेक्रेटरी पुकारा असा करतात की मार्केट यार्डातल्या अडत्याने शिकावं. जुडी पाचशेला गेली. घेणारा एक रिक्षावाला. पैसे मोजून त्याने जुडी आजींच्याच पिशवीत टाकली आणि म्हणाला, "आमटीत घाला, आमच्या घरी कोण ओळखतंय कढीपत्ता." त्याची पोरगी त्या वर्षी आजींकडे बारावीचं गणित शिकत होती, फुकट. हे मला मागाहून कळलं. 'थँक्यू' वगैरे शब्द मात्र दोघांपैकी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

निवृत्त सिस्टर
2020 च्या उन्हाळ्यात मी कोविड वॉर्डला होते. पीपीई किट चढवलं की सगळे सारखेच दिसायचो, म्हणून छातीवर आणि पाठीवर मार्करने नाव लिहायचो. एका म्हाताऱ्या बाबांना वाचता येत नव्हतं. ते मला आवाजावरून ओळखायचे. ऑक्सिजनचा मास्क नीट करायला वाकले की मनगट धरायचे आणि सोडायचे नाहीत. पलीकडच्या खाटा थांबलेल्या असायच्या. राग यायचा मला, खरं सांगते. त्या ड्युटीत लांबलचक प्रार्थना कधी जमलीच नाही. ग्लोव्ह बदलता बदलता 'प्रभू, आता पुढची खाट', एवढीच.

बायबलमधल्या लूक 17 मधली गोष्ट आठवत असेल. दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला एकटाच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परकं मानायचे त्यांच्यातला. शिकत असताना मी त्या नऊ जणांवर चिडायचे. आता नाही चिडत. वॉर्डातून सुटलेला माणूस आधी घराकडे पळतो. पळू दे. त्या बाबांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. माझा वॉर्ड बदलला होता.

गुरुवार पेठेतली
मी ख्रिस्ती नाही, पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत मोठी झाले. 1890 साली याच मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी चहा प्यायली म्हणून पुण्यात केवढा गहजब झाला, ग्रामण्य झालं (म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद), प्रायश्चित्तं झाली. आजोबा ते रंगवून सांगायचे. आता नाताळला शेजारी बोलावतात तेव्हा आम्ही दोन-दोन कप पितो. माझा प्रश्न: देवावर भरवसा म्हणता, मग मेडिक्लेम काढता की नाही? खवचटपणा नाही, खरंच विचारतेय.

विमा एजंट
ताई, धंद्याचा प्रश्न विचारलात. 'आमचा विमा प्रभूकडे' म्हणून दार लावणारे बंधू मला भेटतात, आणि त्यांच्या गाडीचा विमा मात्र वेळेवर भरलेला असतो. मी स्वतः मेडिक्लेम काढतो, गोळ्या घेतो, प्रार्थनाही करतो. या तिघांचं आपसात भांडण आहे असं मला कधी जाणवलं नाही.

खरी पंचाईत वेगळीकडे झाली. बायकोचं डायलिसिस सुरू झालं आणि पॉलिसीची मर्यादा संपली. आयुष्यभर लोकांना 'अडीअडचणीला काय कराल' विचारणाऱ्या माणसाला स्वतःसाठी मदत मागता येईना. शेवटी बायकोनेच महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. तेव्हापासून कुणी ना कुणी गाडी घेऊन येतं, डबा येतो. घ्यायला अजून जड जातं. देणारा असताना बरा विश्वासू होतो मी.

केडगावचा पणतू
माझी पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली. वय किती होतं कुणाला ठाऊक नाही. तिथेच शिकली आणि छापखान्यात खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवायला लागली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्याच छापखान्यात निघालं. त्याचं काम उरकलं आणि थोड्याच दिवसांत, 1922 साली, बाई गेल्या. आमच्या घरी ही माहिती पाहुण्यांना अभिमानाने सांगतात.

न सांगितलेली बाजू आजीकडून कळली. पणजी प्रार्थना जेवणाआधी करायची नाही, नंतर करायची. अन्न पोटात गेल्याशिवाय तिला खरं वाटायचं नाही. ताटातला भाकरीचा चुरा ओल्या बोटाने टिपून खायची. धाकटा भाऊ वाटेत गेला होता, त्याचं नाव तिने कुणाला सांगितलं नाही. तिच्या उपकारस्तुतीत आनंद किती आणि भीती किती, देव जाणे. उरलेला पिझ्झा टाकायला निघालो की आई पणजीचा विषय काढते आणि सगळ्यांचा मूड जातो.

नाव नको
वडील कॅन्सरने गेले. प्रार्थनासाखळी होती, उपास झाले, तेल लावून प्रार्थना झाली. अंत्यविधीनंतर 'देवाची इच्छा' इतक्यांनी म्हटलं की दार उघडायचीच भीती वाटायला लागली. एका बाईंनी तर 'कुठेतरी विश्वास कमी पडला' असं सुचवलं. पाळकसाहेब आले, चहा घेतला, "स्तोत्र 88 वाच" म्हणाले आणि गेले.

वाचलं. बायबलमधली विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. इतकी शतकं लोकांनी ते तसंच ठेवलं, कुणी गोड शेवट चिकटवला नाही, यावर मी बरेच दिवस काढले. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे वचन मात्र अजून घशाखाली उतरत नाही. चर्चला जातो. काही गाण्यांना गप्प उभा राहतो. शेजारचे गातात, त्याची आता अडचण वाटत नाही.

धागाकर्ती
वरच्या प्रतिसादावर कृपया कुणी समजूत घालू नका. एकांनी घातली होती, त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

हिंजवडी फेज दोन
नुसतं वाचणार होते, पण लिहिते. कंपनीत कपात चालू आहे, मी बेंचवर आहे, म्हणजे सध्या हातात प्रोजेक्ट नाही. माझ्याबरोबरची एक जण त्याच प्रोजेक्टसाठी मुलाखत देतेय जिथे मी देतेय. तिची दोन लहान मुलं आहेत, नवऱ्याचं काम सुटलंय. रोज बसमध्ये वाकड ओलांडेपर्यंत माझी प्रार्थना स्वतःपुरती नीट चालते. मग तिचं नाव घ्यायचं की नाही यावर अडते. सोमवारी घेतलं, अर्ध्या मनाने. ऑफिसात पोचल्यावर तिला मुलाखतीसाठी जावा प्रोग्रामिंगचे प्रश्न पाठवले, त्यातले चांगले माझ्याकडे ठेवून. काल रात्री तेही पाठवले. तिने अंगठा टाकलाय, बाकी काही नाही. मुलाखत शुक्रवारी आहे, दोघींचीही.