वळणावर ऑइलचा लाल दिवा लागतो

काल आंबा घाटातून येताना वळणावर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा क्षणभर लागला, सरळ रस्त्यावर विझला. टेम्परेचरचा काटा मध्यावरच होता. उद्या बाबांना घेऊन परत रत्नागिरीला जायचंय. नेऊ का गाडी?

— तपासल्याशिवाय अजिबात नको. तो दिवा ऑइलचं प्रेशर सांगतो. ऑइल कमी असलं की वळणावर चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. सपाटीवर इंजिन बंद करून १० मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइल मोजायची खुणांची पट्टी) पुसून पुन्हा घालून बघा. दिवा लागलेला असताना मी ४ किलोमीटर दामटली होती, इंजिन जाम झालं. अजून हळहळ वाटते.

— पिवळा असता तर सावकाश गॅरेज गाठता आलं असतं. लाल म्हणजे जागीच बंद.

— बघितलं. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली आहे, चेंबरच्या नटाशी ओल! मेकॅनिकला घरीच बोलावलंय. उद्या बाबा आणि मी एसटीने जातो.