चेंज रिपोर्ट दोन टर्म टाकलेच नाहीत, बँक सह्या बदलून देत नाही – मदत हवी आहे

पलूसचा_वाचक
नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातलं 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. 1860 च्या कायद्याखाली संस्था आणि सार्वजनिक न्यास अशा दोन्ही नोंदण्या आहेत. मंडळ 11 जणांचं, मुदत 5 वर्षं. सांगलीच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा काढला, तर त्यावर अजून 2009 चंच मंडळ! 2014 चा चेंज रिपोर्ट (मंडळातला बदल कळवणारा अर्ज) दाखल आहे, निकाल नाही. 22 डिसेंबर 2019 च्या सभेत निवडणूक झाली, 2024 मध्येही झाली. दोन्हींचे रिपोर्ट टाकलेच नाहीत. बँकेत जुन्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आहेत आणि अध्यक्ष हयात नाहीत. अनुदानाचा हप्ता खात्यात पडून आहे, ग्रंथपालांचा पगार अडलाय. एक सल्लागार म्हणतात, "तिन्ही टर्मचा एकच रिपोर्ट टाकू, मधली कागदपत्रं तयार करून घेऊ." फी एकरकमी. सुरुवात कुठून करू?

बारनिशी
"कागदपत्रं तयार करून घेऊ" असं कोणी म्हटलं की तिथूनच उठायचं. मागच्या तारखेचं इतिवृत्त आज बसून लिहिलं, तर उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं. वारलेल्या माणसाची हजेरीवर सही निघाल्याच्या भानगडी काही नवीन नाहीत.

आधी 2014 च्या प्रकरणाचा नंबर काढा आणि रोजनामा (प्रकरणाच्या तारखावार नोंदी) बघा. "निकाल नाही" असं तुम्ही म्हणताय, पण तारखांना कोणीच हजर नाही म्हणून प्रकरण निकाली काढलेलं असू शकतं. तसं असेल तर ते पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज आणि सोबत विलंबमाफी. प्रलंबितच असेल तर बहुतेक वेळा एखादं प्रतिज्ञापत्र किंवा संमतीपत्र द्यायचं राहिलेलं असतं. तेवढं पुरं करून तारीख मागा.

एकच रिपोर्ट चालणार नाही. 2019 ची सभा बोलावली 2014 च्या मंडळाने, 2024 ची 2019 च्या मंडळाने. खालची कडी सिद्ध झाल्याशिवाय वरची टिकत नाही. म्हणून प्रत्येक टर्मचा परिशिष्ट तीनमधला अर्ज वेगळा. मुदतीत वारलेल्या विश्वस्ताचा मृत्यू हाही बदलच असतो, त्याचा दाखला जोडा.

सार्वजनिक न्यासांच्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बदल घडल्यापासून 90 दिवसांत कळवायचं असतं. मुदत सभेच्या तारखेपासून धरतात, पदभार घेतल्यापासून नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर सबळ कारण दाखवलं आणि खर्चाची रक्कम भरली की उशीर माफ होऊ शकतो. "आम्हाला माहिती नव्हती" हे कारण लंगडं, तारीखवार लिहा. तुमची 2019 ची मुदत 21 मार्च 2020 ला संपते. सुप्रीम कोर्टाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता आणि पुढे 90 दिवस दिले होते. म्हणजे विलंब मे 2022 अखेरपासून मोजावा, असं अर्जात मांडता येईल. बरेच जण हा मुद्दा घेतच नाहीत.

ताळेबंद_मिरज
वरच्यांत थोडी भर. सभासद वर्गणीचं रजिस्टर आधी काढा. संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेल्याला मत देता येत नाही, तो सभासदांत मोजलाही जात नाही. हरकत घेणारा इथेच बोट ठेवतो. दोन्ही निवडणुकांच्या दिवशीची पात्र सभासदांची यादी पावती क्रमांकासह करा. आणि ऑडिट? परिशिष्ट आठ, नऊ आणि नऊ-क (ताळेबंद, उत्पन्न-खर्च आणि अंशदानपात्र उत्पन्नाचं पत्रक) कोणत्या वर्षापर्यंत दाखल आहेत ते बघा. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ऑडिट व्हायला हवं. राहिलेली वर्षं आताच पुरी करा.

पलूसचा_वाचक
आभारी आहे. अडचण अशी की 2019 चं इतिवृत्त आणि हजेरी आहे, पण नोटिशीच्या पोहोचा सापडत नाहीत. शिवाय जुन्या मंडळातले दोघे सह्या देत नाहीत.

बारनिशी
नोटिशीचा पुरावा हेच अशा प्रकरणांचं नाजूक हाड. जावक रजिस्टर, नोटीस बुकातल्या सह्या, पोस्टाची पावती, वर्तमानपत्रातलं कात्रण, जे मिळेल ते लावा. मिळालंच नाही तर सभेला हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं द्या: नोटीस कशी मिळाली, सभेत काय झालं. 2024 च्या नोटिशीचे दिवसही मोजून घ्या. संस्थेच्या घटनेत नोटिशीचे पूर्ण 14 दिवस असतील तर पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून 14. गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभेत नवा विषय घेतला असेल तर तोही अडतो.

सही दिली नाही म्हणजे हरकत घेतली असं नव्हे. त्या दोघांना नोटीस निघेल. आले तर त्यांचं ऐकतील. विश्वस्तांच्या नावांतल्या बदलाला धर्मादाय कार्यालय तात्पुरती मंजुरी देऊन 30 दिवसांची हरकतीची नोटीस काढू शकतं. त्या मुदतीत हरकत आली नाही तर तोच आदेश कायम होतो. हरकत आली की मात्र पुरावा, उलटतपासणी, सगळं आलं.

पगाराचं बघायचं तर खातं उघडतानाचा ठराव बँकेकडून मागवा. "अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणतेही दोन" असं असेल आणि दोघे हयात असतील, तर सध्याच्या मंडळाच्या ठरावावरून त्यांच्या सहीने पगारापुरता चेक काढण्याची लेखी विनंती करा. बँकेने नाही म्हटलं तर नकारही लेखी घ्या. तो तात्पुरत्या मंजुरीच्या अर्जाला जोडता येतो. आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत काढून बँकेत द्या, साध्या झेरॉक्सवर कोणी सह्या बदलत नाही.

ताळेबंद_मिरज
फीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. एकरकमी देऊ नका. अर्ज किती, वकीलपत्र कोणाचं, विलंबमाफीची रक्कम फीमध्ये धरलीय की वेगळी, हे लिहून घ्या. पावती वाचनालयाच्या नावाने हवी, नाहीतर ऑडिटला ती चालणार नाही. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली प्रत आणि ऑनलाइन अर्जाचा युजर-पासवर्ड वाचनालयाच्या कपाटात राहू दे, सल्लागाराच्या बॅगेत नको. 2014 च्या रिपोर्टचा नंबर मिळाला की इथे टाका, मग पुढचं बघू.