उपमर्यादांचा तक्ता आधी पाहा
युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी प्रवास विम्याचं ३०,००० युरोंचं कव्हर लागतं, तेवढं असलं की कुठलीही स्वस्त पॉलिसी चालेल, असं काहीजण म्हणतात. व्हिसा मिळेल, खरं आहे. पण आईबाबांसाठी घेत असाल तर एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींत साठीपुढच्या प्रवाशांना उपमर्यादा असतात: खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया, प्रत्येकाची कमाल रक्कम वेगळी. पॉलिसीवर एकूण ५०,००० डॉलर छापलेले असले तरी पैसे तक्त्यातल्या त्या त्या रकान्यापुरतेच मिळतात. जाहिरातीत हे नसतं, पॉलिसी वर्डिंग, म्हणजे अटींचा पूर्ण मजकूर, मागवून वाचा.

बीपी, शुगर असेल तर प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, लिहाच. लपवलं तर हृदयविकाराचा क्लेम त्यावरूनच अडतो. आणि दाखल व्हायची वेळ आली तर शक्य तितक्या लवकर पॉलिसीवरच्या असिस्टन्स नंबरला फोन करा. कॅशलेसची हमी तिथूनच रुग्णालयाला जाते.