तेंदूपत्त्याचा भाव कुणी वाढवला, दलमने की ग्रामसभेने?

वैनगंगाकाठ: ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव साठेक साथीदारांसोबत गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर बंदूक ठेवून मोकळा झाला, तेव्हापासून जो तो पेढे वाटतोय. वाटा. पण १९८० ला कोंडापल्ली सीतारामय्यांनी पीपल्स वॉर ही नक्षल संघटना काढली आणि त्यांची पोरं गडचिरोलीतल्या सिरोंच्यात उतरली, तेव्हा इथं काय होतं हे पण सांगा ना. फॉरेस्टवाला येऊन फुकट कोंबडी न्यायचा, तेंदूचा ठेकेदार पुड्याला काही पैसे टेकवायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्यातला पेद्दी शंकर मोयाबिनपेठ्यात पोलिसांच्या गोळीने गेला, तरी दलमं, म्हणजे त्यांच्या बंदूकवाल्या तुकड्या, येतच राहिली. भाव वाढला तो त्यांच्या धाकाने, कडू लागलं तरी खरं आहे.

जुना मास्तर: धाक हा शब्द तूच वापरलास बरं का. तो फक्त ठेकेदाराला नव्हता. मी आतल्या भागात नोकरी केली, एकदा रात्री घरातनं नेलेला माणूस सकाळी रस्त्यावर पडलेला, अंगावर चिठ्ठी, 'पोलिसांचा खबऱ्या'. गावात वाचता येणारा मीच, म्हणून ती मलाच वाचून दाखवावी लागली, बायको समोर उभी होती त्याची. आणि ठेकेदार वाढीव भाव देऊन वर नक्षल्यांच्या पार्टीला पण द्यायचा, तो पैसा कुणाच्या पानातनं निघायचा रे?

लाल_टोपी_पुणे: व्यक्तिगत आठवणींवर इतिहास ठरत नाही. १९६७ चं नक्षलबारी, १९६९ चा चारू मजुमदारांचा पक्ष, ७२ ला ते पोलीस कोठडीत वारले तरी विचार टिकला, २००४ ला पीपल्स वॉर आणि एमसीसी (माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर) एक होऊन माओवादी पक्ष झाला. पक्षातल्याच लोकांनी भूपतीला गद्दार म्हटलंय, ते उगाच नाही.

सिरोंचाकरीण: पुण्यात बसून गद्दार म्हणायला काय जातं दादा, दलममधी पण आमचीच पोरं अन पोलिसांच्या सी-सिक्स्टी कमांडोमधी पण आमचीच. २००९ ला लाहेरीत १७ पोलीस गेले, २०१८ ला कसनासुर-बोरियात चाळीसेक नक्षली. दोन्हीकडची मयत नेणारे नातेवाईक माडिया-गोंडीच बोलतात.

धानोऱ्याचा: आमच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं नाव कुणीच कसं घेत नाही? 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत एक गोळी न झाडता २००९ ला गावाच्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क घेतला, २०११ ला बांबूच्या वाहतूक पासचं बुक तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन गावचे पुढारी देवाजी तोफांच्या हातात देऊन गेले. आता कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतःच करतात.

वैनगंगाकाठ: मान्य, मेंढा भारीच. पण २००६ चा वनहक्क कायदा दिल्लीला का सुचला? जंगलात बंदुका नसत्या तर फाईल हलली असती का?

धानोऱ्याचा: हलवली लोकांनी, मोर्चे काढून. बंदुकीमुळे उलट झालं, ग्रामसभेला दोन माणसं जास्त बसली की पोलीस विचारणार नक्षल्यांची मिटिंग होती का, अन दलम विचारणार पोलिसांची होती का.

जुना मास्तर: हे मात्र शंभर टक्के. आमच्या गावात तर हजेरीचं रजिस्टर दोन्हीकडच्यांनी मागवून बघितलं होतं, तेव्हापासून लोक सही करायलाच येईनात.

वैनगंगाकाठ: यावर बोलू मास्तर, आत्ता ड्युटीवर आहे. पण भावाचा मुद्दा सोडलेला नाही मी.